कोपराखालची गादी

सुजाताच्या हातातून चहाचा कप सुटला आणि माझ्या टेबलावरच्या केसपेपरांवर चहाच चहा झाला. कप सुटला हे तिला आवाज झाल्यावर कळलं. तिने आधी जमिनीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"हे असं कधीपासून होतंय?" मी विचारलं.

उत्तर तिच्या वडिलांनी दिलं. "दिवाळीपास्नं. मॅडम, पोरगी नाटकी न्हाई. बोटं खरंच मेल्यात तिची."

उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. डाव्या हाताचीही तीच दोन बोटं आता झिणझिणायला लागली होती. मी सुजाताला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचा बोळा करंगळीवरून फिरवला.

"लागलं?"

"काय?" ती म्हणाली.

बाळांनो, तुमची आजी हॉस्पिटलात होती एवढं तुम्हाला माहीत आहे. पण मी डॉक्टर नव्हते. मी फिजिओथेरपिस्ट होते. ऑपरेशननंतर गुडघा वाकवायचा, प्लास्टर काढल्यावर आखडलेला हात सोडवायचा, अर्धांगवायूच्या पेशंटला पुन्हा चालायला शिकवायचं, हे माझं काम. कोल्हापुरात तेव्हा लोक मला 'शेक देणाऱ्या मॅडम' म्हणायचे. मी दुरुस्त करायचे, मग सोडून दिलं. ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, तुमचा बाबा शिकायला परदेशी गेला त्या सुमाराची. आमच्या डिपार्टमेंटला तळमजल्यावरची एक लांबट खोली होती. तिथे सायकलवाली मुलगी पेशंट म्हणून पहिल्यांदाच येत होती.

सुजाता कांबळे तेव्हा वीस वर्षांची असेल. खांदे रुंद, मनगटं जाड, बोलणं मोजकं. तिचे वडील जयवंत शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. ते करणारा तो पॅटर्नमेकर. तरुणपणी ते तालमीत होते. कुस्ती सुटली तरी मान आणि कान पैलवानाचेच राहिले होते. सुजाता शाळेत असताना तिची आई गेली. घरात दोघंच.

ती शर्यतीची सायकल चालवायची. तिचा प्रकार होता टाइम ट्रायल. यात सगळे एकदम सुटत नाहीत. एकेकाला ठरावीक अंतराने सोडतात. रस्ता, घड्याळ आणि तुम्ही, बाकी कोणी नाही. इथे खरा शत्रू असतो वारा. म्हणून या सायकलींना नेहमीच्या हँडलवर आणखी एक हँडल बसवतात. दोन नळ्या पुढे निघालेल्या आणि त्यांच्या मुळाशी दोन छोट्या गाद्या. त्या गाद्यांवर हात टेकून, नळ्यांची टोकं धरून पुढे ओणवं व्हायचं. छाती वाऱ्यातून बाहेर जाते आणि वेग वाढतो. याला एरोबार म्हणतात. कोल्हापुरात तो दुकानात मिळत नव्हता. जयवंतरावांनी एका परदेशी मासिकातला फोटो बघून ॲल्युमिनियमचा एरोबार स्वतः तयार केला होता. मी तो पाहिला तेव्हा तो विकतचाच वाटला.

आमच्या ऑर्थोपेडिक सर्जननी सुजाताला तपासलं आणि निदान लगेच केलं. कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत वीज जाते ना, ती अल्नर नर्व्ह. कोपराच्या आतल्या बाजूला ती हाडाला अगदी चिकटून जाते, वर मांस जवळजवळ नसतंच. तिच्यावर सतत दाब आला की ती दोन बोटं बधिर होतात. दाब चालूच राहिला तर हाताची ताकदही जाते.

"सिक्स वीक्स रेस्ट," सर्जन म्हणाले. "सायकल पूर्ण बंद."

सुजाताचा चेहरा बदलला नाही. जयवंतरावांचा बदलला.

"साहेब, ट्रायल त्याच्या आत हाय."

ती ट्रायल म्हणजे एका सरकारी खात्यातली खेळाडूंची भरती होती. निवड झाली तर नोकरी आणि सायकलही चालू. पुढची भरती कधी निघेल याचा नेम नव्हता. जयवंतरावांच्या थोरल्या भावाने मिरजेचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. पोरगी अर्ध्या चड्डीत रस्त्यावर फिरते म्हणून भावकीत बोलणं चालू होतं. जयवंतरावांनी त्यांच्याकडून ही एक ट्रायल मागून घेतली होती. ही हुकली की सायकल विकायची, असं ठरलं होतं.

मी सर्जनच्या केबिनमध्ये गेले.

"सर, मला एक आठवडा द्या. दाब कुठून येतोय ते शोधते. सापडला तर तो काढू, सायकल कशाला काढायची?"

"आणि नर्व्ह कायमची गेली तर? जबाबदारी कोण घेणार, तुम्ही?"

"घेते. दर दोन दिवसांनी टेस्ट करीन. जरा जरी वाढलं तर मीच सायकल बंद करायला लावीन."

"ती ऐकेल?"

"ऐकेल. बोलत नाही, पण ऐकते."

ते हसले आणि पेपरवर सही केली.

दुसऱ्या दिवशी जयवंतरावांनी सायकल टेंपोतून आणली. मागचं चाक जमिनीवरून उचलून धरणारं एक लोखंडी स्टँडही होतं, तेही त्यांनीच केलेलं. डिपार्टमेंटमध्ये गुडघ्याचे, कंबरेचे पेशंट बसलेले, आणि मधोमध सुजाता सायकलवर ओणवी. सगळे आपलं दुखणं विसरून बघत बसले.

चूक लगेच दिसली. गाद्या इतक्या जवळजवळ होत्या की तिची दोन्ही कोपरं एकमेकांना चिकटत होती. तिचे रुंद खांदे आत ओढले जाऊन कानांपर्यंत चढले होते. शिवाय गाद्या मागे होत्या, म्हणजे कोपराचं टोकच गादीवर येत होतं. सगळं वजन नेमकं त्या हाडावर.

"गाद्या एवढ्या जवळ का घेतल्या?"

जयवंतरावांनी खिशातून घडी घातलेला मासिकाचा कागद काढला. "फोटोत तसंच हाय की."

फोटोतला गोरा माणूस काडीसारखा होता. त्याचे खांदे आणि सुजाताचे खांदे यांत हातभर फरक होता.

"तुम्ही फोटोच्या मापाने शर्ट शिवाल का हिचा?" मी म्हटलं.

कमरेचा पट्टा लावून बसलेला एक पेशंट मोठ्याने हसला. जयवंतरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा आपल्या कमरेकडे वळला.

मी काय समजावलं ते तुम्हालाही सांगते. जेवणाच्या टेबलाशी बसा. हात पुढे टेका आणि अंगाचं वजन हातांवर सोडा. कोपर खांद्याच्या जरासं पुढे असेल आणि टेबलावर कोपराच्या टोकाऐवजी त्याच्या पुढचा मांसल भाग टेकलेला असेल, तर असं तासभर बसता येतं. वजन हाडांच्या खांबावर उभं राहतं, स्नायूंना काम नसतं. मूठ सैल राहते, खांदे खाली येतात. मला हे फार चांगलं माहीत होतं. तुमचे आजोबा गेल्यावर आणि तुमचा बाबा तिकडे गेल्यावर मी संध्याकाळी अशीच टेबलाशी बसायचे. समोर कोणी नसलं की माणूस हात टेकूनच बसतो. सायकलवरही तेच हवं. हात टेकलेले हवेत. हातांनी अंग उचलून धरायची वेळ आली की खेळ संपला.

आम्ही गाद्या खांद्यांच्या मापाने रुंद केल्या. खाली चकत्या घालून थोड्या उचलल्या. जरा पुढे घेतल्या, म्हणजे त्या कोपराच्या पुढच्या भागाखाली आल्या आणि कोपराचं टोक मोकळं राहिलं. नळ्या आखूड केल्या. त्यासाठी लागणारा, नळ्या धरून ठेवणारा नवा क्लॅम्प जयवंतरावांनी शिफ्ट संपल्यावर करून आणला. पण त्यांना ते पसंत नव्हतं.

"ही शर्यतीची सायकल हाय का आरामखुर्ची? मॅडम, अंग दुखल्याबिगर तयार हुतंय व्हय?"

"दुखणं वेगळं, जयवंतराव. दुखणं म्हणजे अंग बोलतंय. बधिर होणं म्हणजे त्याने बोलायचं सोडून दिलं."

ते क्लॅम्प आवळायला वाकले. सुजाताने मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आठवड्यात तिची मान दुखायची थांबली. खांदे सुटले. बोटं तशीच. मी कापूस फिरवायचे, सेफ्टी पिनचं टोक टेकवायचे.

"लागलं?"

"न्हाई."

मला कोडं पडलं. स्टँडवर तिचे हात अगदी बरोबर असायचे. कोपर मोकळं, मूठ सैल. मी तिला स्टँडवर बराच वेळ पेडल मारायला लावून बघितलं. हात जागचे हलत नव्हते. मग नस कशाने दबत होती? रात्री झोपताना ती कोपर दुमडून झोपते का ते विचारलं. हाताला टॉवेल गुंडाळून झोपायला सांगितलं. काही फरक पडला नाही. सर्जन जिन्यात भेटले की फक्त भुवया उंचवायचे.

शेवटी ठरवलं की तिला रस्त्यावर बघायचं. रविवारी माझी सुट्टी होती. शिरोलीच्या कारखान्यांना सोमवारी सुट्टी असते, म्हणजे रविवारी जयवंतराव कामावर आणि सुजाता एकटीच रस्त्यावर. तशी ती रोजच एकटी असायची. सायकलवाल्या पुरुषांचा एक ग्रुप होता, पण ते हिच्यासाठी थांबायचे नाहीत, आणि हिला त्यांच्या मागे जायचं नव्हतं. जिल्ह्यात दुसरी मुलगी हा प्रकार खेळत नव्हती.

सकाळी फुलेवाडीच्या नाक्यावर मी माझी स्कूटी घेऊन उभी राहिले. थंडी होती. सुजाता आली, मला पाहून थबकली.

"मॅडम, तुमी?"

"तू नेहमीसारखी जा. मी मागून येते."

गगनबावड्याचा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस. बालिंग्याच्या पुढे रस्ता जरा सरळ झाला आणि ती हँडलवर आडवी झाली. मी बाजूने स्कूटी चालवत होते. एरोबारवर माणूस ओणवा झाला की त्याचा चेहराच दिसत नाही. दिसते पाठ आणि हेल्मेट. त्याला तरी काय दिसतं? पुढचं चाक आणि रस्त्याची कड. कोणी हाक मारली तरी मान वर करायची नसते, कारण मान वर केली की वेग गेला. उसाच्या ट्रॅक्टरवर बसलेले दोघे ओरडले, "ए ताई, हँडलवर झोपलीस व्हय? गादी आणून दिऊ?" ती तशीच पुढे गेली. मी ट्रॅक्टरवाल्यांकडे रागाने पाहिलं. माझा पांढरा एप्रन अंगावर नव्हता, त्यामुळे उपयोग झाला नाही.

थोड्या वेळाने मला फरक दिसायला लागला. स्टँडवर सैल असलेली मूठ आवळली गेली होती. नखं पांढरी पडली होती. खांदे पुन्हा कानाशी गेले होते. खाली पाहिलं, तर तिचे हात गादीवरून हळूहळू पुढे सरकत होते. ते सरकायचे, कोपराचं टोक बरोबर गादीवर येऊन बसायचं, मग ती हिसका देऊन हात मागे घ्यायची. पुन्हा सरकायचे. तिच्या हातांवर ऊन चमकत होतं. आधी वाटलं घाम आहे. पण माझ्या अंगात स्वेटर होतं आणि तरीही मी काकडत होते. अशा थंडीत, निघाल्यानिघाल्या एवढा घाम?

मी हॉर्न वाजवून तिला थांबवलं. रस्त्याकडेला एक बंद चहाची टपरी होती, तिच्या बाकावर बसवलं आणि तिचा हात हातात घेतला. तेल. तिळाचं तेल, मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत, चांगलं जिरवलेलं. सायकलच्या गाद्या स्पंजाच्या, वरून रेक्झिन. रेक्झिनवर बोट फिरवलं तर बोट घसरलं.

"हे कोण लावतं?"

"आप्पा."

"रोज?"

"रोज. पहाटे. तालमीत करत्यात तसं. पोटऱ्या, मांड्या मी करतो, हात आप्पा करत्यात."

कोल्हापूरच्या मुली 'मी करते' म्हणत नाहीत, 'मी करतो' म्हणतात. तुमच्या बाबाला विचारा, तो लहानपणी शेजारच्या मुलींना चिडवायचा.

"मग दवाखान्यात येताना तेल कसं नसतं?"

"दवाखान्यात तेलकट अंगानं जायचं न्हाई म्हणत्यात. साबण लावून घासून घ्याय लावत्यात. नवा साबण काढत्यात त्यासाठी."

म्हणून स्टँडवर तिचे हात जागचे हलत नव्हते. तिथे ती स्वच्छ धुतलेली असायची. रस्त्यावर तेल लावून जायची, हात घसरायचे, ते घसरू नयेत म्हणून ती मूठ आवळायची, आणि घसरलेल्या कोपराखाली नस चिरडायची. तालमीत तेल लावून मालिश झाली की अंग मोकळं होतं, हे खरंच आहे. पण मालिश झालेला पैलवान नंतर मातीत जातो, माती तेल पिऊन टाकते. रेक्झिन पीत नाही.

"तुला कळलं होतं का, की हात सरकतायत?"

 समोरून उसाच्या दोन गाड्या गेल्या.

"व्हय."

"कधीपासून?"

"लई दिवस झाले."

"मग मला का नाही सांगितलंस? इतक्यांदा विचारलं मी."

"सांगितलं असतं तर तुमी बंद कराय लावलं असतं."

"अर्थात."

"मॅडम, आई गेल्यापास्नं आप्पा बोलत न्हाईत. कामाला जात्यात, येत्यात, जेवत्यात, झोपत्यात. त्या मालिशच्या वक्ताला तेवढं बोलत्यात. काल फौंड्रीत काय झालं, कुणाचा पॅटर्न फुकट गेला, वस्ताद कसा मारायचा. कधीमधी आईचं बी काढत्यात. हात धरल्याला असतोय न्हवं, मग बोलत्यात. ते बंद झालं तर..."

"आणि त्यासाठी दोन बोटं घालवणार?"

"आठ ऱ्हात्यात की, मॅडम."

हे ती चेष्टेत म्हणत नव्हती. मला तिला रागवायचं होतं. पण तेव्हा मी सकाळी उठल्याबरोबर रेडिओ लावायचे, बातम्या नकोच असायच्या, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. मी तिला काय रागवणार? तिच्याजवळ रुमाल होता, तो घेऊन तिचे हात पुसले, गाद्या पुसल्या.

"आता परत जाताना बघ काय होतं."

परतीच्या रस्त्यावर तिचे हात जागचे हलले नाहीत. फुलेवाडीला ती थांबली आणि एवढंच म्हणाली, "मी सांगितलं असं आप्पांस्नी म्हनू नका."

सोमवारी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, सगळं जागच्या जागी. भिंतीला सायकलची चाकं टांगलेली. सुजाता कॉलेजला गेली होती. जयवंतरावांनी जयभीम घातला, खुर्ची पुसून दिली आणि स्वतः उभे राहिले.

"बोला मॅडम. बोटं कापाय लागत्यात का?"

"छे हो. तुमच्याकडे तेल कोणतं आहे?"

त्यांनी कोनाड्यातून पितळी वाटी काढून दिली. मी सुजाताच्या सायकलची गादी मागितली. ती टेबलावर ठेवून त्यांना हात टेकायला सांगितला, कोरडा. "आता अंगाचं वजन सोडा." त्यांनी सोडलं. हात स्थिर. मग मी त्यांच्या हाताला थोडं तेल लावलं.

"काय कराल्यासा मॅडम हे?"

"आता सोडा वजन."

हात सुर्रकन पुढे गेला आणि कोपराचं टोक गादीवर दाणकन बसलं. त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. करंगळीपर्यंत झिणझिण गेली असणार, कारण ते बोटाकडे बघायला लागले. मग त्यांनी स्वतःच पुन्हा एकदा करून पाहिलं. पॅटर्नमेकर माणूस. एकदा झालं ते पुन्हा होतं का, हे बघितल्याशिवाय मानणार नाही. तिसऱ्यांदा त्यांनी हात घसरू नये म्हणून टेबलाची कड घट्ट पकडली, आणि आपल्या आवळलेल्या मुठीकडे पाहत राहिले.

"म्हंजे हे मी करालोय तिला."

"तुमचं तेल आणि ती गादी यांचं जमत नाही, एवढंच. तेल वाईट नाही."

"तिनं सांगितलं का तुमास्नी?"

"मी काल रस्त्यावर जाऊन बघितलं."

हे खरं होतं. ते खाली बसले, जमिनीवर. मी म्हटलं, मालिश संध्याकाळी करा. ते म्हणाले, संध्याकाळी तिचा क्लास असतो, ती येते तेव्हा माझा डोळा लागलेला असतो. पोटऱ्यांना लावा मग, हात तेवढे सोडा. ते म्हणाले, पोरगी मोठी झाली, ते तिचं ती करते. त्यांनी पितळी वाटी उचलली, कोनाड्यात ठेवली, पुन्हा काढली, तेल बाटलीत ओतलं, वाटी घासायला मोरीत ठेवली. मग माझ्याकडे पाठ करूनच विचारलं,

"मॅडम, मग सकाळचं मी काय करू?"

मला खांद्याचे व्यायाम येतात, मानेचे येतात. या प्रश्नाला माझ्याकडे व्यायाम नव्हता. मी म्हटलं, गाद्यांचं रेक्झिन काढून त्यावर जाड टॉवेलचं कापड चढवा. एवढंच सुचलं. त्यांनी ते त्याच दिवशी केलं. शिवण इतकी सरळ होती की मी डिपार्टमेंटमधल्या उशांच्या खोळीही त्यांच्याकडून शिवून घ्याव्यात असं मनात आलं.

नस सावकाश जागी होते. आधी झिणझिण्या वाढतात, मग जळजळ होते. पेशंट घाबरतो, पण ती चांगली खूण असते. ट्रायलच्या आधीच्या आठवड्यात मी सुजाताला डोळे मिटायला सांगून कापूस फिरवला.

"लागलं," ती म्हणाली.

"कुठे?"

"करंगळीच्या टोकाला."

सर्जननी तपासलं आणि म्हणाले, "गुड. नशीबवान आहे." मी कापसाचा बोळा टाकून दिला. घरी आता पहाटे काय होतं, ते मी सुजाताला विचारलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं. ती बरी होत होती आणि जास्तच गप्प झाली होती.

ट्रायल पुण्याजवळ हायवेवर होती, रविवारी. मी गेले. रविवार सकाळ हा तुमच्या बाबाच्या फोनचा वार होता. फोन घरात वाजून वाजून बंद झाला असणार. पण टेबलाशी हात टेकून बसण्यापेक्षा मला ते बरं वाटलं.

रस्त्याच्या कडेला मुली आपापल्या पाळीची वाट बघत होत्या. बहुतेकींच्या सायकली बाहेरून आणलेल्या, एरोबार विकतचे. सुजाताच्या सायकलवर टॉवेलच्या कापडाच्या दोन गाद्या होत्या. एक मुलगी त्या दाखवून मैत्रिणीच्या कानात काहीतरी म्हणाली. सुजाताचा नंबर जवळ आला. ऊन चढलं होतं आणि तिला घाम आला होता.

तेव्हा जयवंतराव पुढे आले. त्यांच्या खांद्यावर धुतलेला पंचा होता. त्यांनी तिचा उजवा हात हातात घेतला आणि पुसायला लागले. मनगटापासून वर, कोपराभोवती, पुन्हा खाली, मग एकेक बोट. मालिश करतात तसंच, सावकाश, दाब देऊन. आणि ते बोलत होते. मान खाली, ओठ हलत होते. सुजाता ऐकत होती, मध्येच हसली. डावा हात झाला, पुन्हा उजवा घेतला. हात केव्हाच कोरडे झाले होते. पंचांनी तिचा नंबर पुकारला तरी त्यांचं पुसणं चालूच होतं. मी जवळच होते. पण दोन पावलं मागे सरकले. काय बोलले ते ऐकलं नाही.

ती सुटली. पहिल्या वळणाच्या आत हँडलवर आडवी झाली, आणि मग नुसती पाठ, मग तीही नाही. परत येईपर्यंत जयवंतराव त्याच जागी उभे होते, पंचा दोन्ही हातांत धरून. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. दोन गप्प माणसांनी शेजारी उभं राहणं हीसुद्धा एक सोबत असते, हे मला तिथे कळलं.

ती पहिली आली नाही, दुसरीही नाही. पण निवड झाली. उन्हाळ्यात उत्तरेकडच्या एका शहरात नोकरीवर रुजू झाली. मिरजेचं स्थळ दुसरीकडे जमलं. जयवंतरावांनी तिला गाडीत बसवून दिलं आणि परत येताना हॉस्पिटलात डोकावले. काही दुखत नव्हतं. बाकावर थोडा वेळ बसले, आमच्या कंबर ताणायच्या ट्रॅक्शनच्या कुरकुरणाऱ्या कप्पीला तेल घातलं आणि गेले. नंतर बऱ्याच सोमवारी ते असेच यायचे. सोमवारी आमच्याकडची एकही वस्तू मोडकी राहायची नाही.

या केसनंतर मी नव्या पेशंटला विचारायच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढवला. कशाने दुखतं, कधी दुखतं, हे सगळेच विचारतात. मी विचारायचे, घरी तुमची काळजी कोण घेतं, आणि म्हणजे नेमकं काय करतं? कोणी उशीखाली आणखी उशी ठेवत असे. कोणी पेशंटला वाकावं लागू नये म्हणून बूट घालून देत असे. कोणी रोज न चुकता चुकीच्या जागी शेकत असे. पेशंट या गोष्टी आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते दुखण्याचं कारणच नसतं. बऱ्याचदा दुखण्याचं मूळ त्या उत्तरात सापडायचं.

आणि कधी कधी पेशंट म्हणायचा, "कोणी नाही." मग मी तेवढं लिहून घ्यायचे आणि पुढचा प्रश्न विचारायचे.